सतराच्या जागी एकोणीस इंची मॅगव्हील घालू का?

सर, नमस्कार. आम्ही लातूरचे, डाळमिलचा धंदा आहे. मागच्या दसऱ्याला जुनी मर्सिडीज सी क्लास घेतली, २०१८ चं डिझेल मॉडेल. गाडीला कंपनीचेच १७ इंची मॅगव्हील आहेत, टायर २२५/५० आर १७. फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचं लग्न आहे. त्याआधी १९ इंची काळे मॅगव्हील घालावेत असं फार मनात आहे. दुकानदार साडेआठ इंच रुंदीचे, ऑफसेट ३५ चे, २४५/४० आर १९ टायरसकट देतोय. 'आपल्याकडच्या खड्ड्यांसाठी मुद्दाम जाड टायर टाकतो' असं म्हणाला. माझं फिरणं नांदेड, सोलापूर, तुळजापूर असं असतं. शिवाय शेत औशाच्या पुढं आहे, शेवटचे पाच किलोमीटर रस्ता खराब. अप्पा मागच्या सीटवर बसतात, त्यांच्या मणक्याची गादी सरकलेली आहे. ते म्हणतात, 'चांगले टायर कशाला काढायलास?' तुम्ही सांगाल तसं करीन.
– एक वाचक, लातूर

नमस्कार.

पैसे देण्याआधी विचारलंत, हे फार चांगलं केलंत. मला येणारी बहुतेक पत्रं चाकं बसवून झाल्यावर, टायर घासायला लागल्यावर येतात. तेव्हा मला फारसं काही करता येत नाही.

उत्तर आधीच सांगतो. १९ नको. हौस भागवायचीच असेल तर १८ घाला, आणि दुकानदारानं सुचवलेलं २४५/४० आर १९ हे माप तर कुठल्याही परिस्थितीत घेऊ नका.

तुमची हौस चुकीची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या मराठवाड्याला गाडीचं वेड आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, त्याची बातमी देशभर झाली. मागास मागास म्हणून ज्याला सगळे ओळखायचे त्या भागातली ती माणसं होती. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाच्या सेडान जोडल्या गेल्या, वाळूजमध्ये टायर बनतात. गाडी आपल्याकडं नुसती विकत घेतली जात नाही, तयारही होते. बहिणीच्या लग्नात दारासमोर उभी राहणारी गाडी देखणी दिसावी असं भावाला वाटणारच. म्हणूनच ती फेब्रुवारीतही देखणी दिसावी आणि जुलैतही धड चालावी, असं बघू या.

आधी टायरवरचे आकडे उलगडू. २२५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे त्या रुंदीच्या ५० टक्के, ती बाजूच्या भिंतीची उंची: ११२.५ मिलिमीटर. १७ हा रिमचा व्यास, इंचात. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर धरले तर रिम ४३१.८ ची झाली. वरची आणि खालची भिंत त्यात मिळवा, पूर्ण चाक ६५६.८ मिलिमीटर उंच येतं. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. तुमचा स्पीडोमीटर, एबीएस, गिअरबॉक्सचं गिअर बदलणं, सगळं या उंचीच्या आसपास बेतलेलं आहे.

आता दुकानदाराचं माप. २४५ चे ४० टक्के म्हणजे ९८. १९ इंच म्हणजे ४८२.६. दोन्ही भिंती धरून चाक झालं ६७८.६. मूळ चाकापेक्षा जवळजवळ २२ मिलिमीटर उंच, म्हणजे ३.३ टक्के जास्त. काटा आत्ता जेवढा वेग दाखवतो त्यापेक्षा तेवढ्यानं कमी दाखवेल, किलोमीटरही कमी मोजले जातील. चाक मडगार्डच्या आतल्या अस्तराला ११ मिलिमीटर जवळ येईल, शिवाय टायर आजच्यापेक्षा २० मिलिमीटरनं जास्त रुंद. घरची पाच माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान घेऊन एखाद्या गतिरोधकावरून उतरलात की खर्र आवाज येणारच.

आणि त्याच्या 'जाड टायर' या शब्दाकडं नीट बघा. तो जो जाड म्हणून देतोय त्याची भिंत ९८ मिलिमीटर, तुमच्या आजच्या टायरची ११२.५. म्हणजे खड्ड्यांसाठी म्हणून दिलेला टायर आजच्यापेक्षा साडेचौदा मिलिमीटरनं पातळच आहे. दुकानदारानं मुद्दाम फसवलं असंही नाही. १९ मध्ये दुसरा कुठला टायर आहे त्याच्या मानानं तो जाड म्हणत असेल. पण तुम्हाला तुलना करायचीय ती आज गाडीखाली जे आहे त्याच्याशी.

मग १९ चं बरोबर माप कुठलं? २४५/३५ आर १९. त्याची पूर्ण उंची ६५४.१ येते, मूळ चाकाच्या अगदी जवळ. पण भिंत उरते जेमतेम ८६ मिलिमीटर. त्यातही रिमची कड साधारण १७ मिलिमीटर वर आलेली असते, ती वजा केली की खड्ड्यात दबायला खरं रबर उरतं ६९. आज तेच ९५ आहे. दबायची जागा चौथाईपेक्षा जास्त गेली. रबर पूर्ण दबलं की पुढचा मार रिम खाते, आणि रिमकडून तो सस्पेन्शनला, तिथून मागच्या सीटला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याही सेडानला मी दोन इंच मोठी चाकं घातली होती. उन्हाळाभर सगळं छान चाललं. ऑगस्टातल्या एका रात्री बीडकडून घरी येताना पाण्यानं भरलेला खड्डा दिसलाच नाही. डावीकडची दोन्ही चाकं त्यात गेली. पुढचा टायर जागेवर फाटला, रिमची कड आत वळली. स्टेपनी छोट्या मापाची होती, तिच्यावर हळूहळू घर गाठलं. मागचं चाक वरून ठणठणीत दिसत होतं, पण रोज सकाळी हवा चार-पाच पॉइंट उतरलेली. पंक्चरवाल्यानं तीनदा पाण्यात घालून पाहिलं, पंक्चर काही सापडेना. शेवटी चाक खोललं तेव्हा आतल्या बाजूला केसाएवढी चीर. एका वर्कशॉपनं ती वेल्डिंग करून दिली आणि 'आता काही होत नाही' म्हणून सांगितलं. महिनाभरानं तीच चीर पुन्हा उघडली, तेव्हा गाडीत आई होती. वेग कमी होता म्हणून आम्ही बचावलो. वेल्डिंग केलेलं मॅगव्हील तेव्हापासून मी कुणालाच वापरू देत नाही. आणि त्या मापाचा टायर आमच्या शहरात मिळाला नाही, पुण्याहून मागवेपर्यंत गाडी चार दिवस उभी. लातुरात १७ चा टायर संध्याकाळीसुद्धा मिळेल. १९ चा त्या दिवशी मिळेलच असं नाही.

आपले रस्ते असे का आहेत, तेही चाक निवडताना लक्षात घ्यायला हवं. आपल्या बऱ्याच भागात खाली काळी भारी जमीन आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी थोडा उचलला जातो, थोडा बसतो, म्हणून नवा रस्ताही दोन-तीन पावसाळ्यांत लाटालाटांचा होतो. त्यावर गाळपाच्या हंगामात उसाच्या भरलेल्या जोड ट्रॉल्या चालतात आणि कडा खचतात. तुमचं लग्न फेब्रुवारीत, म्हणजे ऐन उसाच्या दिवसांत. समोरून ट्रॉली आली की डावं चाक खचलेल्या कडेवरून खाली उतरवावंच लागतं, आणि तिथं नेमकी टायरची भिंत कापली जाते. नांदेडचा हायवे आता चांगला झालाय हे खरं. तुमची गाडी रोज समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावरच धावत असती तर १९ ला मी एवढा विरोध केला नसता. पण चाक सगळ्यात चांगल्या रस्त्यासाठी निवडून चालत नाही. औशाच्या पुढचे ते पाच किलोमीटर तुमच्या चाकाचं माप ठरवतात.

आता १८ बद्दल. २२५/४५ आर १८ घेतलात तर भिंत १०१ मिलिमीटर, पूर्ण उंची ६५९.७. मूळ चाकापेक्षा फरक तीन मिलिमीटरचा, अर्धा टक्काही नाही. भिंत ११ मिलिमीटरच कमी झाली. हे माप मी मनानं काढलेलं नाही. याच गाडीच्या काही मॉडेलांना कंपनीनंच १८ इंची चाकं दिली होती, पुढं २२५/४५ आणि मागं २४५/४०. दिसायला ते भरदार दिसतं, पण पुढचे-मागचे टायर वेगळे झाले की ते अदलाबदल करता येत नाहीत आणि मागचे लवकर संपतात. तुम्ही चारही २२५/४५ घ्या, रिम साडेसात इंच रुंद. पेट्रोल-डिझेलच्या झाकणाच्या आत आणि गाडीच्या पुस्तिकेत चालणारी मापं आणि हवेचे आकडे दिलेले असतात, तिथं एकदा स्वतः वाचून खात्री करा.

माझी पहिली पसंती कंपनीच्याच वापरलेल्या १८ इंची चाकांना. पुण्या-मुंबईत लोक नवीन गाडीची चाकं काढून मोठी घालतात आणि काढलेली विकतात. तसा संच मिळाला तर तो पावडर कोटिंग करून काळा करून घ्या, तुमचा काळा रंगही साधेल. फक्त घेण्याआधी प्रत्येक चाक टायर काढून बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. कड वरखाली होतेय का, आतल्या बाजूला रंग किंवा वेल्डिंगचा डाग आहे का, हे उजेडात पाहा. ताजा रंग फक्त आतून दिलेला असेल तर ते चाक घेऊ नका.

बाहेरच्या कंपनीचे नवीन घेणार असाल तर काही गोष्टींत मी अजिबात सूट देणार नाही.

ऑफसेट ही त्यातली सगळ्यात मोठी. चाकाची मधली रेघ आणि हबला (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बोल्टनं बसतं त्याला) टेकणारी सपाटी यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. समजा तुमची मूळ रिम ७ इंच रुंद आणि ऑफसेट ४८ आहे (रिमच्या मागं कोरलेलं असतं, चाक खोललं की वाचा). दुकानदाराची रिम साडेआठ इंच, ऑफसेट ३५. रुंदीमुळं चाक दोन्हीकडं १९ मिलिमीटर सरकतं, ऑफसेटमुळं वर आणखी १३ बाहेर. म्हणजे चाकाची बाहेरची कड ३२ मिलिमीटर, सव्वा इंच, बाहेर येते. बघायला ते रुबाबदार वाटतं हे मान्य. पण बेअरिंगवर कायमचा ताण येतो, खड्ड्यात स्टेअरिंग हाताला झटका देतं, आणि पावसाळ्यात दारांवर चिखलाचे फराटे उडतात. ऑफसेट मूळ आकड्याच्या पाच-सात मिलिमीटरच्या आत ठेवा.

बोल्टची मांडणी म्हणजे पीसीडी ५×११२, हे दुकानदार बरोबर देईलच, नाहीतर चाक बसणारच नाही. लोक चुकतात ते मधल्या भोकात. तुमच्या हबला ६६.६ मिलिमीटरचं भोक लागतं. बाजारातल्या बऱ्याच चाकांना मुद्दाम मोठं भोक ठेवतात, म्हणजे ती सगळ्या गाड्यांना बसतात. मग मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती ॲल्युमिनियमचीच घ्या. प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेनं मऊ पडते आणि ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागतं. लोक मग महिनोन्‌महिने बॅलन्सिंग करत बसतात.

बोल्टचं तर फारच कमी जण विचारतात. मर्सिडीजच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोल, चेंडूसारखं असतं. बाहेरच्या बहुतेक मॅगव्हीलमध्ये खाच निमुळती असते. गोल बोल्ट निमुळत्या खाचेत घट्ट केला तरी तो कडेच्या एका रेघेवरच टेकलेला राहतो. चालता चालता सैल होतो. नवीन चाकाबरोबर त्याच खाचेचे आणि योग्य लांबीचे बोल्ट घ्या. हातानं फिरवताना निदान सात-साडेसात आटे आत जायला हवेत. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर. हवेच्या गननं ठोकून झालं की 'झालं' म्हणणाऱ्याला थांबवा. शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा.

वजन पेलण्याची ताकद दोन ठिकाणी बघायची. टायरवर मापानंतर आकडा असतो, तुमच्या मूळ टायरला बहुधा ९४, म्हणजे एका टायरला ६७० किलो. २२५/४५ आर १८ दोन प्रकारांत मिळतो, ९१ आणि ९५. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०. दुकानात ९१ स्वस्त मिळेल, तो घेऊ नका. ९५ आणि पुढं एक्सएल (म्हणजे जास्त वजन पेलणारा) लिहिलेलाच मागा. (१९ मध्ये २४५/३५ सहसा ९३ मध्ये, म्हणजे ६५० किलोला येतो. तिथंही तुम्ही उतरताच.) टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, २३२५ म्हणजे २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला. जुना पडून राहिलेला माल तसाच कळतो. दुसरं, रिमच्या मागं तिची क्षमता किलोमध्ये कोरलेली हवी, आणि जेडब्ल्यूएल, व्हीआयए अशा चाचणीच्या खुणा. नुसत्या ओतलेल्या खुणेवर विसंबू नका, खोका आणि बिल बघा. नामांकित डिझाइनची हुबेहूब नक्कल, बिनखोक्याची, बिनबिलाची चाकं अर्ध्या किमतीत मिळतात. अप्पांना घेऊन त्यावर ७० च्या वरही जाऊ नये असं मला वाटतं.

तुमच्या आत्ताच्या टायरवर एमओई किंवा रनफ्लॅट (म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारा टायर) लिहिलंय का तेही पाहा. तसं असेल आणि नवे टायर साधे घेतलेत, तर पंक्चर झाल्यावर गाडी चालणार नाही. तेव्हा डिकीत स्टेपनी आहे का याची खात्री आधी करा, लग्नाच्या दिवशी नव्हे.

विम्याचं थोडक्यात सांगतो. चाकं बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा, बिल जोडा, पोच ठेवा. कंपनीनं दिलेल्या मापांच्या यादीतच राहिलात तर पुढं वादाला जागा राहत नाही.

आता अप्पांबद्दल, आणि हे मी सगळ्यात काळजीनं लिहितोय. मणक्याची गादी सरकलेल्या माणसाला मोठा खड्डा एकदाच त्रास देतो, पण बारीक, सततचा थरथराट तासभर त्रास देतो. टायरची भिंत तो थरथराट गिळते. शिवाय चाकाचं वजन सस्पेन्शनच्या खाली असतं, ते वाढलं की स्प्रिंगला चाक सावरायला वेळ लागतो आणि धक्का वर येतो. तुमच्या मिलवर वजनकाटा आहेच. आजचं एक चाक टायरसकट त्यावर ठेवा, आणि घेणार असाल ते चाकही टायरसकट दुकानातून आणून ठेवा. नवं चाक दोन किलोपेक्षा जास्त जड भरलं तर डिझाइन कितीही आवडो, परत करा. फ्लो फॉर्मिंगनं (ओतलेलं चाक फिरवत, दाबून घडवायच्या पद्धतीनं) बनवलेली चाकं साध्या ओतीव चाकांपेक्षा हलकी आणि मजबूत असतात, पैसे थोडे जास्त लागले तरी त्यांचा विचार करा. हलकी चाकं मिळाली नाहीत तर १७ च ठेवा आणि तीच काळी करून घ्या. लग्नाच्या फोटोत कुणी इंच मोजत नाही, काळा रंग आणि स्वच्छ गाडी दिसते. हा पर्यायही मी मनापासून सांगतोय, समजूत घालण्यासाठी नाही.

१८ बसवलेत तर एक महिना अप्पांना रोजच्याच रस्त्यानं शेतावर न्या आणि त्यांना विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत, 'बरं हाय' म्हणतील. गाडीतून उतरताना ते दाराचा आधार किती घेतात ते बघा. आधीपेक्षा जास्त घेत असतील तर मूळ चाकं परत बसवा. म्हणून मूळ चाकं विकू नका. टायरसकट आडवी रचून गोदामात ठेवा, धूळ आणि ऊन लागणार नाही अशी.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा, पंधरा दिवसांतून एकदा. एक्सएल टायरला हवा साध्यापेक्षा थोडी जास्त लागू शकते. मे महिन्यात लांब चालवून आल्यावर हवा वाढलेली दिसते म्हणून ती कमी करू नका. टायर थंड झाला की ती आपोआप मूळ आकड्यावर येते. पातळ भिंतीच्या टायरमध्ये कमी हवा म्हणजे रिम वाकण्याला आमंत्रण.

लग्नाच्या किमान तीन आठवडे आधी हे सगळं उरका. म्हणजे अलाइनमेंट, शंभर किलोमीटरनंतरचं बोल्ट तपासणं, आणि काही घासत असेल तर ते दुरुस्त करणं, याला वेळ राहील. मांडवाच्या आदल्या दिवशी नवी चाकं बसवू नका.

दुकानदाराला बयाणा देण्याआधी चाकाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि वजनकाट्यावरचे दोन्ही आकडे मला पाठवा. बघून लगेच कळवतो. बहिणीला आशीर्वाद, अप्पांना नमस्कार.